पहिला लोखंडी नांगर विकायला दोन वर्षे लागली! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी गिऱ्हाईक कसे मिळवले?

गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. नागपूर, भुसावळ, पुणे करत ही गाडी कऱ्हाडच्या पुढे जाते, तेव्हा सांगलीच्या आधी किर्लोस्करवाडी नावाचे स्थानक लागते. एका माणसाच्या आडनावावरून गावाला आणि गावावरून स्थानकाला नाव मिळाले. त्या माणसाचा पहिला लोखंडी नांगर मात्र तब्बल दोन वर्षे गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून होता.

माल चांगला असला की तो आपोआप खपतो, असे बनवणाऱ्याला वाटत असते. बचत गटाच्या स्टॉलपासून राइस मिलच्या ऑफिसपर्यंत हा समज सगळीकडे भेटतो. आम्ही इंजिनिअरिंग केलेले लोक तर त्याच समजात कॉलेजातून बाहेर पडतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे आयुष्य वाचताना तो समज हळूहळू ढासळत जातो. त्यांच्याकडे माल होता, हात होते, डोके होते. कमी होता तो फक्त गिऱ्हाइकाचा विश्वास.

कोण होते लक्ष्मणराव?

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. वडील काशीनाथपंत विद्वान, वेदांतात रमणारे. मुलाचे चित्त मात्र पुस्तकापेक्षा चित्रात आणि यंत्रात. थोरले बंधू रामुअण्णा यांनी पाठिंबा दिला आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथे एक अडचण समोर आली. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. चित्रकाराला याहून मोठी अडचण कुठली असणार? रंगकाम सुटले आणि ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते हाच विषय शिकवू लागले. शिकवता शिकवता कार्यशाळेतली यंत्रे त्यांनी खोलून पाहिली. बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांच्याऐवजी एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले.

सायकल विकायची, तर आधी चालवायला शिकवायची

किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ सालापासून धरतो. ती सुरुवात यंत्राच्या कारखान्याने झाली नाही, बेळगावातल्या सायकलच्या दुकानाने झाली. दोघे भाऊ सायकली मागवून विकत, दुरुस्त करत आणि फी घेऊन लोकांना सायकल चालवायला शिकवतही.

यातली शेवटची गोष्ट साधी वाटते, पण ती जरा थांबून पाहण्यासारखी आहे. त्या काळी सायकल ही श्रीमंताचीच वस्तू होती आणि ज्याच्याकडे पैसे होते त्यालाही ती चालवता येत नव्हती. भर रस्त्यात पडलो तर लोक हसतील, ही धास्ती किमतीपेक्षा मोठी होती. अशा माणसापुढे सायकलच्या मजबुतीचे कितीही गोडवे गायले तरी तो खिशात हात घालत नाही. त्याला हँडल धरून चार दिवस कुणीतरी सोबत पळायला हवे असते. किर्लोस्कर बंधूंनी ते केले, वर त्याचे पैसेही घेतले. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

लोखंडी नांगराला विरोध का झाला?

सायकलवर त्यांचे समाधान झाले नाही. दुसऱ्याचा माल विकण्यापेक्षा आपला माल बनवावा, ही ओढ होती. पहिले यंत्र निघाले ते कडबा कापण्याचे. अख्खा कडबा टाकला की जनावर निम्मा तुडवते, कापून दिला की वाया कमी जातो. हिशेब शेतकऱ्याला उभ्या उभ्या कळणारा होता.

त्यानंतर विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लाकडी नांगर जमीन चिरतो, पण माती उलटवत नाही. लोखंडी नांगराच्या वळणदार पात्यामुळे खालची माती वर येते, वरचे तण खाली गाडले जाते. हरळीने भरलेल्या काळ्या रानात हा फरक डोळ्यांना दिसणारा होता. शेतकरी मात्र तो रानात न्यायलाच तयार नव्हते. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण इथे अंधश्रद्धा असा शिक्का मारून पुढे जातात. मला ते पटत नाही. एक तर ही भीती आपल्याकडचीच नव्हती. अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्ड यांनी १७९७ मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही हीच तक्रार केली होती की लोखंडाने जमीन विषारी होते आणि तण माजते. शंभर वर्षांचे आणि दोन खंडांचे अंतर, पण आक्षेप तोच! एकाच वस्तूला दोन अनोळखी समाज एकच आक्षेप घेतात, तेव्हा तो आक्षेप वेडेपणातून नाही, धोक्याच्या अंदाजातून आलेला असतो.

शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. कडबा कापण्याचे यंत्र बिघडले तर पैसे जातात. नांगर फसला तर हंगाम जातो, आणि हंगाम गेला की वर्ष जाते. शिवाय लाकडी नांगर बांधावरच्या बाभळीचा. तो मोडला तर गावातला सुतार आणि लोहार बलुत्यावर दुरुस्त करून देणार, सुगीला त्यांचे धान्य घालायचे. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजायचे. त्याचा फाळ झिजला किंवा बिजागरीचा बोल्ट तुटला तर गावचा लोहार काय करणार? कारखाना बेळगावात आणि आपले रान चाळीस कोसांवर. विषाची गोष्ट ही या सगळ्या शंकांना दिलेले एक सोपे नाव असावे, असे मला वाटते. नको म्हणायला माणूस बहुतेक वेळा खरे कारण सांगत नाही, जवळचे कारण सांगतो.

आणि समोर बनवणाऱ्याची बाजू होती. ओतकामाला पैसा गेलेला, माल पडून, घर चालवायचे. दोन वर्षे हा काळ लिहायला सोपा आहे. त्या दोन वर्षांत सायकलींकडे परत वळणे कुणालाही शहाणपणाचे वाटले असते. लक्ष्मणराव नांगराला चिकटून राहिले. एकदा काही नांगर रानात गेले आणि शेजारच्या बांधावरून लोकांनी पीक पाहिले, तेव्हा विषाचा प्रश्न मागे पडत गेला. शेतकऱ्याला कुणाचे भाषण पटवू शकले नाही, ते शेजाऱ्याच्या पिकाने पटवले.

धानाच्या बांधीत हा नांगर तसाच चालला असता का? बहुधा नाही. आपल्याकडे चिखलणीला हलके अवजार लागते आणि या अवजड नांगराचे खरे गिऱ्हाईक कोरडवाहू काळ्या जमिनीचे होते. कुणाला विकायचे हे ठरवण्यात कुणाला विकायचे नाही हेही येते.

बेळगाव सुटले, माळावर गाव वसले

धंदा कुठे जरा उभा राहतो आहे तोच बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी ती जागा हवी होती. यंत्रे, माणसे आणि अर्धवट माल घेऊन जायचे कुठे?

या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. लक्ष्मणरावांनी औंधला यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचे काम केले होते, त्यातून ओळख होती. राजांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जागा दिली आणि १० हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिले. जागा म्हणजे निवडुंग आणि सापांनी भरलेला माळ. १० मार्च १९१० रोजी तिथे २५ कामगार आणि त्यांच्या कुटुंबांसह किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली.

जागा ओसाड असली तरी रेल्वेच्या कडेला होती, हे विसरू नये. अवजड लोखंड आणायचे आणि अवजड नांगर पाठवायचे तर रूळ जवळ हवेत. गोंदियात राइस मिल आणि विडीचा व्यापार का वाढला, हे ज्यांना माहीत आहे त्यांना यावर वेगळे सांगायला नको.

वाडीतली माणसे निवडतानाही लक्ष्मणरावांनी कागद पाहिला नाही. रामुअण्णा वसाहतीची देखरेख करत. मंगेशराव रेगे हिशेब पाहत. शंभूराव जांभेकर यंत्रांचे जाणकार. अनंतराव फळणीकर फारसे न शिकलेले, पण डोके संशोधकाचे. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करणारे. रखवालीला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे शिक्षा भोगून आलेले दोघे होते. ज्यांच्यावर गावाचा विश्वास नाही त्यांच्या हाती किल्ल्या! वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही नियम होता. स्वतःवर विश्वास ठेवा असे गिऱ्हाइकाला सांगण्याआधी या माणसाने आपल्या माणसांवर तो ठेवून दाखवला होता.

तोफा वितळल्या, नांगर झाले

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. परदेशी नांगरांची आवक घटली आणि देशी नांगराला एकदम मागणी आली. दोन वर्षे गिऱ्हाईक शोधणाऱ्या कारखान्यापुढे आता उलटा पेच होता: गिऱ्हाईक दारात, पण लोखंड नाही, कोळसा नाही. कोळशाऐवजी लाकडाचा कोळसा वापरून पाहिला गेला. लोखंडासाठी कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज धावून आले. संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा त्यांनी वितळवण्यासाठी दिल्या आणि त्यांचे नांगर झाले.

आजच्या कुठल्याही जाहिरात कंपनीने या गोष्टीवर वर्षभर मोहीम चालवली असती. तेव्हा ती गोष्ट लोकांनीच तोंडोतोंडी नेली आणि शंभर वर्षांनंतरही ती सांगितली जाते. आधी गोष्ट घडली आणि मग सांगितली गेली, हा क्रम महत्त्वाचा.

‘किर्लोस्कर खबर’ : जाहिरातीचे मासिक वाचकांचे कसे झाले?

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदवली गेली. त्याच वर्षी वाडीतून एक मासिक निघाले, ‘किर्लोस्कर खबर’. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर, चित्रकलेचे शिक्षण घेतलेले. काकांना जी रंगांची वाट सोडावी लागली ती पुतण्याला मोकळी होती, आणि ती कारखान्याच्या उपयोगी पडली.

मासिकाचा उद्देश लपवलेला नव्हता. नांगर, चरक, शेंगा फोडण्याचे यंत्र, पंप यांची माहिती शेतकरी आणि एजंटांपर्यंत जावी, म्हणून ते निघाले. आजच्या भाषेत याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात. जगात हे अगदीच नवे नव्हते. अमेरिकेतल्या जॉन डिअर या नांगरवाल्या कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ हे नियतकालिक सुरू केले होते. फ्रान्समध्ये मिशेलिन या टायर कंपनीने १९०० मध्ये वाहनचालकांसाठी गाइड काढले. टायर विकायचे तर लोकांनी गाडी जास्त फिरवली पाहिजे, आणि फिरायचे तर मुक्काम कुठे, दुरुस्ती कुठे हे कळले पाहिजे, असा तो विचार.

शंकररावांचे मासिक मात्र या दोघांच्याही पुढे गेले. यंत्रांच्या माहितीबरोबर त्यात उद्योगाच्या गोष्टी, आरोग्य, कथा, समाजसुधारणेचे लेख येऊ लागले. पुढे नावातला ‘खबर’ हा शब्द गळाला आणि उरले ‘किर्लोस्कर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचे लेख याच मासिकात आले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही आणखी दोन मासिके निघाली. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत ही तिन्ही नावे ओळखीची झाली.

यात धंदा कुठे आहे, असे विचारता येईल. ‘स्त्री’ वाचणारी नागपूरची गृहिणी नांगर घेणार नव्हती. पण नांगर घेणारा शेतकरी मुलाला, मास्तरांना, गावातल्या शिकलेल्या माणसाला विचारून घेत होता, आणि त्या शिकलेल्या माणसाच्या घरात किर्लोस्कर हे नाव दर महिन्याला येत होते, काही विकायला नाही तर वाचायला. ज्याच्यावर शेतकऱ्याचा विश्वास, त्याच्यापर्यंत आधी पोहोचायचे. माझ्या मते लक्ष्मणरावांच्या दोन वर्षांच्या कोंडीला मिळालेले हे सर्वांत पक्के उत्तर होते, आणि ते देणारा माणूस यंत्रांचा नव्हता, चित्रांचा आणि शब्दांचा होता. लक्ष्मणरावांचे मोठेपण हे की कारखान्याच्या आवारात त्यांनी छापखान्याला जागा होऊ दिली. खर्चात कपात करायची वेळ आली की आधी अशाच गोष्टींवर काट मारली जाते.

गोंदियात याचा काय संबंध?

पूर्व विदर्भाला विक्रीची कला नवी नाही. विडीच्या बंडलाचे लेबल पाहा. अक्षर न वाचता येणारे गिऱ्हाईक चित्रावरून किंवा आकड्यावरून आपली विडी मागते, म्हणून लेबलावर ठळक चित्र किंवा आकडा. गिऱ्हाईक कसे मागणार हे आधी ओळखून केलेले ते काम आहे.

मात्र नव्या वस्तूचा प्रश्न वेगळा. धानाच्या रोवणी यंत्राचे उदाहरण घ्या. मजूर मिळत नाहीत, मजुरी वाढते आहे, यंत्र वेळ वाचवते, हे सगळ्यांना मान्य आहे. तरी यंत्राने रोवणी म्हटले की परे वेगळ्या पद्धतीने, ट्रेमध्ये तयार करावे लागतात, बांधी सपाट लागते, चिखल ठरावीक बसलेला लागतो. एवढे सगळे बदलून यंत्र ऐन पावसात बंद पडले तर? विक्रेत्याच्या रीलमध्ये यंत्र सरसर धावताना दिसते. बंद पडल्यावर कोण येणार आणि किती तासांत, हे मात्र त्यात नसते. शेतकऱ्याचा खरा प्रश्न नेमका तोच असतो.

तेच चिन्नोर तांदळाचे. गावातल्या माणसाला वास आला की तांदूळ कळतो. पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक पिशवीवरचे नाव वाचते, आणि यात भेसळ नाही कशावरून, असे मनात विचारते. पिशवीवर ‘शुद्ध’, ‘अस्सल’ असे शब्द मोठ्या अक्षरांत छापून त्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. कुठल्या गावचे धान, कुठल्या हंगामाचे, कुठल्या गिरणीत भरडलेले, हे तीन तपशील छापले तर निदान उत्तराला सुरुवात होते.

पुढे काय झाले?

१९२६ च्या सुमारास किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार होऊ लागले. नांगराच्या वेळी अनोळखी असलेले नाव पंपाच्या वेळी ओळखीचे होते, त्यामुळे पंपाला नांगरासारखी वाट पाहावी लागली नाही. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून शिकून आले आणि त्यांनी व्याप वाढवला. १९४१ मध्ये हरिहरला मैसूर किर्लोस्कर, तर १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनचा आणि बंगळुरूत विजेच्या मोटारींचा कारखाना उभा राहिला. नांगर, पंप, तो चालवायला इंजिन किंवा मोटार: एकाच शेतकऱ्याच्या दारात पुन्हा पुन्हा जाता येईल असा हा माल होता.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. तोवर शेतात ट्रॅक्टर दिसू लागले होते. कुंडल रोड स्थानकाच्या फलकावर आता किर्लोस्करवाडी असे नाव आहे आणि तिथल्या कारखान्यात आजही पंप तयार होतात.